अक्षरांचे शुद्धिपत्र

जबलपूर शहराच्या जुन्या वस्तीत सराफा नावाचा एक भाग आहे. नावाप्रमाणे तो सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांचा. कोणत्याही गावच्या सराफकट्ट्याचा एक जुना नियम असा की, सोने चोख आहे हे दुकानदाराच्या तोंडून सिद्ध होत नाही. ते कसोटीच्या काळ्या दगडावर घासले जाते, दगडावर उमटलेली रेघ ओळखीच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहिली जाते, आणि ती रेघ विकणारा व घेणारा असे दोघेही पाहतात. सराफीतला विश्वास या उघड परीक्षेवर उभा असतो.

या सराफ्यातील पाट्या देवनागरीत आहेत, पण भाषा हिंदी. जबलपूर आणि मराठी यांचा संबंध मात्र जुना आहे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. पुढे इंग्रजी अमलात नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात नांदले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना त्या प्रांताच्या कारभारात स्थान होते. अशा गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एक गोष्ट सहज समजते, जी पुण्यामुंबईच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. ती ही की, लिपी एक असली तरी अक्षरांचे वळण एक नसते. मराठीचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, तर हिंदी पाटीवरचा ‘ल’ उभ्या दंडाचा, ‘श’चेही तसेच. आणि मराठीतील एक अक्षररूप तर असे आहे की त्याची हिंदीला गरजच पडत नाही. ते म्हणजे ‘ऱ्य’ मधला अर्धा र.

हा अर्धा र दिसायला किरकोळ आहे. पापणीच्या केसासारखी एक लहानशी वळलेली रेघ, एवढेच त्याचे शरीर. परंतु त्याच्यावाचून मराठीचे चालत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ निमंत्रण धाडले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यांना’ धाडले तर स्वयंपाकी येतील. रफार आणि अर्धा र यांच्यातील हा भेद छापखान्याने पाळला, टंकलेखनयंत्राने बहुधा कसाबसा पाळला, आणि संगणक आला तेव्हा तो पुन्हा एकदा संकटात सापडला. त्या संकटातून हे अक्षर कसे सुटले, हा आपल्या लिपीच्या अर्वाचीन इतिहासातील एक बोधप्रद भाग आहे.

मूळ पाठात शिरलेली चूक शोधणे आणि दुरुस्त करणे हे काम मराठीला नवीन नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरल्या जाऊ लागल्या तसे त्यांत अपपाठ शिरले, कोणी आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी अनेक प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असा कडक इशारा दिला. आधुनिक काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. तिचे वैशिष्ट्य असे की, संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आणि नाकारलेले पाठभेद खाली, हस्तलिखितांच्या खुणांसह, छापले. निर्णय पंडितांचा, पण तो कोणत्या पुराव्यावर घेतला हे सर्वांना उघड. ज्याला तो पटत नसेल त्याला तोच पुरावा घेऊन वाद घालता येतो.

संगणकाच्या क्षेत्रात या वृत्तीला उशिरा मान्यता मिळाली. संगणकाला काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञावलीचे दोन अवतार असतात. एक मूळ पाठ, जो माणसाला वाचता येतो. आणि दुसरा त्यापासून बनवलेला, केवळ यंत्राला कळणारा. बहुतेक कंपन्या दुसरा विकत आणि पहिला कुलुपात ठेवत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाईयंत्राची आज्ञावली सुधारायची होती; परंतु मूळ पाठ देण्यास नकार मिळाला. अशा अनुभवांतून त्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ ही चळवळ जाहीर केली. १९८९ मध्ये तिचा सार्वजनिक परवाना निघाला. त्यानुसार आज्ञावली कोणीही वापरावी, तिचा पाठ कोणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा. अट एवढीच की, सुधारून वाटणाराने पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा प्रारंभ केला, आणि १९९८ मध्ये अशा सर्व कार्याला ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्तस्रोत, हे नाव रूढ झाले.

आज्ञावलीतील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका संगणकात खरोखरीच एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही कथा प्रसिद्ध आहे. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनच्या काळातही यंत्रदोषाला तो लावला जाई. त्या नोंदवहीतील खरी शिकवण पतंगाची नसून नोंदीची आहे. दोष कोठे, केव्हा आणि कशाने झाला हे लिहून ठेवले की तो अर्धा सुटतो. डोनाल्ड नुथ या गणितज्ञाने आपल्या ग्रंथातील प्रत्येक चूक दाखवणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंट देण्याची प्रथा पाडली. रक्कम क्षुल्लक, पण तिचा धनादेश मिळाला की लोक तो वटवण्याऐवजी चौकटीत बसवून भिंतीवर लावत. ग्रंथ अक्षरजुळणी करून छापण्यासाठी नुथ यांनी केलेली ‘टेक्’ ही आज्ञावली सर्वांना खुली होती. म्हणूनच नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांना १९९१ मध्ये तिच्यासाठी देवनागरीची सोय स्वतंत्रपणे करता आली.

आता पुन्हा आपल्या अर्ध्या रकाराकडे वळू. संगणक अक्षरांची चित्रे साठवीत नाही. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि तेवढाच तो साठवतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय प्रमाण ठरले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने त्याचा प्रसार केला. त्याच सुमारास जगातील सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ हे प्रमाण आकाराला आले आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतली गेली. या पद्धतीत ‘र’, त्यानंतर हलन्ताची खूण आणि मग ‘य’ असे क्रमांक ओळीने आले की, र पूर्ण लोपून य च्या डोक्यावर रफार चढतो. हिंदी व संस्कृत यांच्यासाठी हा नियम पुरेसा आहे. मराठीला मात्र रफाराबरोबरच अर्धा र ही हवा. मग यंत्राने ओळखावे कसे?

याला दोन उत्तरे निघाली. इस्कीच्या परंपरेत नुक्ता दिलेला ‘ऱ’ वापरला गेला. हे अक्षर युनिकोडमध्ये द्राविडी भाषांतील एक वेगळा र दाखवण्यासाठी आहे. परंतु त्याच्यापुढे हलन्त आला की त्याने मराठी अर्ध्या रकाराचे रूप घ्यावे असे ठरले. दुसरे उत्तर युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीचे. तीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधा अशी योजना होती. जुनी कागदपत्रे बिघडू नयेत म्हणून पुढे दोन्ही रीती मान्य राहिल्या. परिणाम असा की, ‘दऱ्या’ हा शब्द दोन कागदांवर डोळ्यांना एकच दिसतो, पण आत दोन वेगळ्या क्रमांकांनी लिहिलेला असू शकतो. आणि एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीचा शब्द सापडतोच असे नाही. भारतीय भाषांसाठी ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ’ र च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, मिळतो. लाखो मराठी माणसांना हे ठाऊकही नसते आणि ते रफार देऊन वेळ मारून नेतात.

केवळ क्रमांक ठरून भागत नाही. क्रमांकांच्या ओळीवरून पडद्यावर योग्य आकृती उमटवण्याचे काम दुसरीच एक आज्ञावली करते. ती स्वतंत्र उपयोगाची नसते. इतर आज्ञावल्या तिला हाक मारून आपले काम करून घेतात, म्हणून अशा सामायिक संग्रहाला ‘लायब्ररी’ म्हणतात. अशा लायब्ररींपैकी आज विशेष महत्त्वाची म्हणजे ‘हार्फबझ’. हे नाव फारसीतून आले असून त्याचा अर्थ ‘मोकळे अक्षर’ असा आहे. तिचे बीज ‘फ्रीटाइप’ या मुक्त प्रकल्पात पडले आणि इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी ती नव्याने रचली. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड दूरध्वनी आणि लिबरऑफिस हे सर्व अक्षरे जुळवण्यासाठी याच लायब्ररीचा आश्रय घेतात. म्हणजे तीत एक चूक असेल तर ती कोट्यवधी पडद्यांवर दिसणार, आणि ती एकदा सुधारली तर तितक्याच पडद्यांवर सुधारणार.

इस्फहबोद यांची मातृभाषा यांपैकी कोणतीही भारतीय भाषा नव्हती. त्यांनी विकिपीडियातून भारतीय लिप्यांमधील शब्दांच्या प्रचंड याद्या काढल्या. एकट्या देवनागरीची यादी सात लाखांहून अधिक शब्दांची होती. आपली आज्ञावली आणि मायक्रोसॉफ्टची प्रचलित आज्ञावली यांच्या आकृती त्यांनी शब्दाशब्दाने ताडून पाहिल्या आणि २०१२ च्या सुमारास प्रत्येक सुधारणेबरोबर किती शब्द जुळले व किती चुकले याचे आकडे उघडपणे नोंदवले. सराफाच्या दगडावरच्या दोन रेघा शेजारीशेजारी पाहाव्यात, तशीच ही रीत. परंतु ज्या ठिकाणी प्रचलित आज्ञावलीच चुकत असेल तेथे ही तुलना निरुपयोगी ठरते. तेथे ती भाषा वाचणाराच हवा. या कामी पुण्याचा उपयोग झाला. तेथील रेड हॅट कंपनीच्या कार्यालयात भारतीय लिप्यांच्या आकृती कशा दिसाव्यात याचे संदर्भसंच तयार झाले आणि ते पुढे हार्फबझच्या चाचण्यांत दाखल झाले. याच कंपनीने ‘लोहित’ हे मुक्त टंक प्रसिद्ध केले. त्यांची मूळ अक्षरे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेककडून आली होती.

अक्षरांच्या वळणाचाही प्रश्न याच मार्गाने सुटत गेला. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा टंक रेखला. त्यांनीच मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रासाठी ‘रघु’ हा टंक केला आणि तो मुक्त परवान्याने सर्वांना मिळाला. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांच्यासाठी एकाच टंकात दोन्ही वळणे ठेवण्याची सोय निघाली. मजकुराची भाषा मराठी अशी नोंद असेल तर मराठी वळण उमटावे, नसेल तर हिंदी. ‘ॲ’ या अक्षराची कथा आणखी वेगळी. युनिकोडमध्ये आरंभी ‘ए’च्या डोक्यावर चंद्र देणारे हिंदी वळणाचे ‘ऍ’ तेवढे होते. मराठीत रूढ असलेल्या ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी लिपी, वर्णमाला आणि अंक यांच्याविषयी शासन निर्णय काढला व २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. असा निर्णय आवश्यक असतो. प्रमाण कोणते याचा वाद त्याने मिटतो. तथापि, निर्णयाच्या कागदाने पडदा बदलत नाही. निर्णयावर सही झाली त्या रात्री एकाही दूरध्वनीतील ‘ल’चे वळण आपोआप पालटले नाही. ते पालटते तेव्हा कोणी तरी लायब्ररीच्या पाठातील किंवा टंकातील नेमकी ओळ दाखवून दिलेली असते. शिसाच्या खिळ्यांच्या काळात प्रश्न उलटा विचारला जाई. तेव्हा यंत्राला सोयीची व्हावी म्हणून लिपीनेच आपली रूपे कमी करावीत काय, यावर लोकमान्य टिळकांपासून सावरकरांपर्यंत अनेकांनी विचार केला. आज प्रथमच असे घडले आहे की, लिपीने वाकण्याऐवजी यंत्राला वाकवता येते. मात्र त्यासाठी लिपी जाणणाराने तक्रार योग्य जागी नेली पाहिजे.

तक्रार योग्य रीतीने कशी करावी याचेही एक शास्त्र बनले आहे. ‘मराठी नीट दिसत नाही’ या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. आधी जुन्या नोंदी चाळून तीच तक्रार कोणी केली आहे काय ते पाहावे. मग एकच शब्द घ्यावा, शक्य तितका लहान. तो कोणत्या क्रमांकांनी लिहिला आहे, कोणत्या टंकात आणि आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीत बिघडतो, कसा दिसायला हवा व कसा दिसतो, एवढे सांगावे. वाचणारा माणूस दुसऱ्या खंडातील असतो, त्याला एकही मराठी शब्द येत नसतो. म्हणून दर्या आणि दऱ्या यांतील अर्थभेदही समजावून द्यावा लागतो. ज्याला शक्य असेल त्याने पुढे जाऊन दुरुस्तीचा पाठच लिहून पाठवावा. तो लगेच स्वीकारला जात नाही. प्रकल्पाचे जाणते लोक तो ओळीओळीने तपासतात, शंका काढतात, परत पाठवतात. स्वीकारला तर त्याच्याबरोबर एक कायमची चाचणी जोडली जाते, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाच्या सुधारणेने हाच दोष पुन्हा शिरू नये. हार्फबझच्या चाचण्यांत मराठीच्या या पापणीसारख्या रकारासाठी अशी एक वेगळी लहानशी यादी ठेवलेली आहे. दुरुस्ती करणाराचे नाव पाठाच्या इतिहासात राहते. मोबदला बहुधा एवढाच.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र समजू नये. मूळ पाठ सर्वांना खुला असला म्हणजे तो सर्वजण वाचतात असे नाही. ‘ओपनएसएसएल’ या लायब्ररीवर महाजालावरील गुप्त व्यवहारांची फार मोठी भिस्त आहे. तीत २०१२ मध्ये प्रसृत झालेला एक गंभीर दोष एप्रिल २०१४ मध्येच जगासमोर आला. इतकी मोठी जबाबदारी मोजक्याच माणसांच्या खांद्यावर होती हेही तेव्हाच जगाला कळले. याहून धडकी भरवणारी घटना मार्च २०२४ मध्ये उघडकीस आली. ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहान लायब्ररीत एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदत करून विश्वास मिळवला आणि शेवटी चोरदरवाजा घातला. एकनाथांना ज्याची धास्ती होती तो प्रक्षेप तो हाच. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तोही कसा? दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या क्षुल्लक विलंबाने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी कारण शोधले, पुरावा गोळा केला आणि सर्वांना लिहून कळवले. पाठ उघडा होता म्हणून ते मुळापर्यंत पोहोचू शकले. परंतु उघडा पाठ पुरेसा नव्हता, अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारा माणूसही लागला.

मराठीच्या बाबतीत असा अस्वस्थ होणारा माणूस कोण, हा खरा प्रश्न आहे. ही लायब्ररी चालवणाऱ्यांचे मराठीशी वैर नाही, पण त्यांना मराठी येत नाही. ‘आचाऱ्यांना’ ऐवजी ‘आचार्यांना’ उमटले तर त्यांच्या दृष्टीने दोन्ही आकृती सारख्याच सुबक. चूक कळणार ती वाचणाऱ्यालाच. जबलपूर, इंदूर, बडोदे, तंजावर अशा ठिकाणी दुसऱ्या भाषांच्या सहवासात वाढलेल्या मराठी माणसाची नजर या कामी अधिक तीक्ष्ण असावी, कारण आपले वळण कोठे संपते आणि शेजाऱ्याचे कोठे सुरू होते हे तो रोज पाहतो. आपले पूर्वज पोथीच्या समासात शुद्ध पाठ लिहून ठेवत. ती सुधारणा त्या एका पोथीपुरती राही. आज लिहिलेली एक नेमकी नोंद कोट्यवधी पोथ्यांच्या समासात एकाच वेळी उतरू शकते. चुकलेले अक्षर पाहून हळहळणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते अक्षर कोठे चुकले ते लिहून कळवणारे थोडे आहेत, आणि मराठीची पुढची शुद्धता त्या थोड्यांच्या संख्येवर अवलंबून राहणार आहे.